चारचा पंप दोन सिलिंडरला बसवताना

जुन्या दोन सिलिंडरच्या जनरेटरचा डिझेल पंप कामातून गेलेला असतो, त्याचे एलिमेंट (आत डिझेल ढकलणारे भाग) बाजारात मिळत नाहीत, आणि भंगारात चार सिलिंडरचा धडधाकट इन्लाइन पंप पडलेला दिसतो. सोलापुरात ही वेळ वरचेवर येते. पूर्व भागातल्या मागवाल्याचा जनरेटर सेट असो की मोहोळकडच्या मळ्यातलं इंजिन, प्रश्न ठरलेला: "मिस्त्री, चारचा पंप दोनला चालंल का?"

चालतो. पण चारचा पंप तीनला चालत नाही, आणि सहाचा मात्र तीनला चालतो. हे ऐकून माणूस चक्रावतो, कारण आपण सिलिंडर मोजत बसतो आणि पंप मोजत असतो कोन. कोन जमला तर निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं गव्हर्नरचं, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या भागाचं, आणि बहुतेक जुगाड फसतात ते तिथंच.

आधी एक भीती काढून टाकू. पुष्कळांच्या डोक्यात पंप म्हणजे चार नळांची टाकी असते: दोन नळ बंद केले की उरलेल्या दोनांतून धार जोरात येणार, चारचं डिझेल दोनांत जाणार आणि पिस्टन वितळणार. इन्लाइन पंपात असं काही होत नाही. तिथं प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र एलिमेंट असतो, म्हणजे एक बॅरल आणि त्यात वर-खाली होणारा प्लंजर. खाली कॅमशाफ्ट फिरतो, त्याचा उंचवटा टॅपेटला उचलतो, टॅपेट प्लंजरला. एक नंबरचा एलिमेंट एक नंबरच्या पाइपलाच डिझेल देतो. शेजारच्याचं काय झालं याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

मग डिझेल कमी-जास्त कसं होतं? प्लंजर दर वेळी तेवढाच उचलला जातो. पण त्याच्या अंगावर एक तिरका काप असतो. तो काप बॅरलच्या भोकासमोर आला की दाब निसटतो आणि डिझेल पाइपात जायचं थांबतं. रॅक नावाची दांडी प्लंजरला थोडं फिरवते. त्यावर काप भोकासमोर लवकर येणार की उशिरा हे ठरतं. रॅक एका टोकाला नेला की प्लंजरची उभी खाच भोकासमोर येते आणि डिझेल शून्य. इंजिन बंद करायचा लिव्हर ओढल्यावर आत हेच घडतं.

किती डिझेल लागतं याचा हिशेब एकदा कागदावर करून पाहण्यासारखा आहे. वीस हॉर्सपॉवरचं दोन सिलिंडरचं इंजिन घ्या. एका सिलिंडरच्या वाट्याला दहा हॉर्सपॉवर, म्हणजे ७.३५ किलोवॅट. नीट चालणारं जुनं डिझेल इंजिन एका किलोवॅटला तासाला साधारण २५० ग्रॅम डिझेल खातं, म्हणजे एका सिलिंडरला तासाला सुमारे १,८४० ग्रॅम. फोर-स्ट्रोक इंजिन १,५०० आरपीएमवर असेल तर एका सिलिंडरला मिनिटाला ७५० आणि तासाला ४५,००० वेळा डिझेल मिळतं. भागाकार केला की एका वेळचं डिझेल ०.०४१ ग्रॅम निघतं, म्हणजे जवळपास ४९ घन मिलिमीटर. आता ८ मिलिमीटर व्यासाच्या प्लंजरचं तोंड आहे ५० चौरस मिलिमीटरचं. म्हणजे पूर्ण लोडवरसुद्धा प्लंजर डिझेल ढकलतो ते फक्त एक मिलिमीटरभर! बाकीची सगळी वर-खाली नुसती भरायची आणि सांडायची. प्लंजर आणि बॅरल यांच्यात जी फट असते ती दोन-चार मायक्रॉनची का, आणि एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये का घालायचा नाही, हे या एका मिलिमीटरवरून कळतं.

आता कोन. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. पंपाचा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, त्यामुळे हे सगळं त्याच्या एका फेरीत, ३६० अंशांत, उरकतं. चार सिलिंडरच्या पंपात दर ९० अंशांना एक एलिमेंट उडतो. सहाच्या पंपात दर ६० अंशांना. तीन सिलिंडरच्या इंजिनाला मात्र दर १२० अंशांना डिझेल हवं असतं. साठाचे दोन टप्पे म्हणजे एकशेवीस, म्हणून सहाच्या पंपातलं एकाआड एक तोंड (पाइप लागतो ती जागा) घेतलं की तीनचं काम होतं. पंपाचा क्रम १-५-३-६-२-४ असेल तर तोंडं घ्यायची १, ३ आणि २. इंजिनाची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-२ असेल तर पाइप सरळ नंबराप्रमाणे जातील, १-२-३ असेल तर दोन पाइपांची अदलाबदल करावी लागेल.

नव्वदाच्या पाढ्यात एकशेवीस येतच नाही. चारचा पंप तीनला लावायचा अट्टहास केला तर एखाद-दुसरा सिलिंडर पंपाच्या ३० अंशांनी, म्हणजे क्रँकच्या ६० अंशांनी चुकणार. पंप दुरुस्त करणारे दोन एलिमेंटमधला कोन अर्ध्या अंशात बसवतात, तिथं साठ अंश म्हणजे विषयच संपला. पंपाचा कॅमशाफ्टच नवा पाडून घेतला तर गोष्ट वेगळी, पण तेवढ्या खर्चात योग्य पंप शोधलेला बरा.

दोन सिलिंडरच्या इंजिनात एक मेख आहे. काही इंजिनांत दोन्ही पिस्टन एकदम वर येतात आणि एकदम खाली जातात. तिथं क्रँकच्या दर ३६० अंशांना, पंपाच्या १८० अंशांना एक सिलिंडर पेटतो. पंपाचा क्रम १-३-४-२ असेल तर तोंडं घ्यायची १ आणि ४. दुसऱ्या प्रकारात एक पिस्टन वर असताना दुसरा खाली असतो. तिथं पेटणं समान अंतरानं होत नाही, आधी १८० अंशांनी आणि मग ५४० अंशांनी होतं, "ढग-ढग... ढग-ढग" असा लंगडा आवाज येतो. तिथं पंपाची लागोपाठची तोंडं लागतात: १ आणि ३, किंवा १ आणि २. यातली जोडी कुठली, हे दुसरा सिलिंडर पहिल्यानंतर लगेच पेटतो की उशिरा यावर ठरतं. इंजिनाचा साइड कव्हर उघडून फ्लायव्हील हातानं फिरवा, दोन्ही पिस्टन बघा, व्हॉल्व्ह कधी बंद असतात ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते न करता पाइप जोडणारे दिवसभर एअर काढत बसतात.

हे सगळं इन्लाइन पंपाचं. आपल्याकडची शेतीची पुष्कळशी एक आणि दोन सिलिंडरची इंजिनं मात्र सुट्या पंपांची असतात. त्या पंपाला स्वतःचा कॅम नसतो, इंजिनाचाच कॅम त्याला उचलतो. तिथं असला पंप लावायचं कारणच नाही, तो एकच सुटा पंप किंवा त्याचा एलिमेंट बदलायचा. रोटरी पंपाच्या वाटेला जाऊ नका. त्यात सगळ्या सिलिंडरांना डिझेल देणारी यंत्रणा एकच असते, कॅमवरचे उंचवटे आणि वाटप करणारी भोकं सिलिंडरांच्या संख्येप्रमाणेच पाडलेली असतात, आणि टायमिंग पुढे-मागे करणारी व्यवस्थाही आतच असते. आणि कॉमन रेल इंजिनात पंप नुसता दाब तयार करतो. कुणाला कधी द्यायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो, म्हणून तिथं हा विषयच येत नाही.

बरं, दोन तोंडं वापरली, उरलेल्या दोनांचं काय करायचं? पहिला सुचणारा उपाय म्हणजे बोल्ट मारून बंद करणे. तो करू नका. डिझेल जवळजवळ दबत नाही. प्लंजरला खालून कॅम ढकलतोय आणि वर वाट नाही, तर दाब शेकडो बारपर्यंत चढतो आणि जे सगळ्यांत कमजोर असेल ते तुटतं: डिलिव्हरी व्हॉल्व्हचा होल्डर, प्लंजर, नाहीतर कॅमशाफ्टची चावी. दुसरा सुचणारा उपाय प्लंजर काढून टाकण्याचा. तोही नको. बॅरलची भोकं गॅलरीत, म्हणजे पंपातल्या डिझेलच्या पोकळीत, उघडतात. प्लंजर काढला की गॅलरीतलं डिझेल थेट खाली कॅमबॉक्सच्या ऑइलमध्ये उतरतं. टॅपेट काढून प्लंजर वरच अडकवून ठेवणारे कारागीर आहेत, आणि ते नीट केलं तर चालतं, पण मला त्यापेक्षा साधी पद्धत बरी वाटते: चारही एलिमेंट चालू ठेवायचे आणि न लागणाऱ्या दोन तोंडांना नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) न लावता मोकळा पाइप लावून तो टाकीत परत सोडायचा. पुढे नोझल नसल्यानं दाब चढत नाही, प्लंजर डिझेलमध्ये भिजलेले राहतात, आणि पंप पुन्हा कधी चार सिलिंडरला लागला तर जसाच्या तसा तयार.

फक्त परतीच्या डिझेलचा हिशेब डोक्यात ठेवा. वरच्या उदाहरणात दोन सिलिंडर पूर्ण लोडवर तासाला साधारण ४.४ लिटर जाळतात, आणि तेवढंच डिझेल न लागणाऱ्या दोन तोंडांतून टाकीत परत येतं. तो पाइप कुणी डब्यात सोडला आणि डबा ओतून दिला, की "पंप डबल डिझेल खातोय" अशी बोंब गावभर होते.

गव्हर्नरकडे येऊ. चारचे पंप बहुधा ट्रकचे किंवा ट्रॅक्टरचे मिळतात, आणि या दोघांच्या गव्हर्नरांत मोठा फरक असू शकतो. ट्रकच्या पुष्कळ पंपांवरचा गव्हर्नर फक्त दोन टोकं सांभाळतो: आयडलला इंजिन बंद पडू नये, आणि कमाल वेगाच्या वर पळू नये. मधला सगळा वेग ड्रायव्हरच्या पायावर. रस्त्यावर हे झकास चालतं. जनरेटरवर पाय ठेवायला कुणी बसलेलं नसतं. माग एकदम सुरू झाले की लोड येतो, वेग पडतो, आणि गव्हर्नर मात्र ढिम्म, कारण त्याच्या दृष्टीनं मधला वेग हे त्याचं कामच नाही. ट्रॅक्टरच्या पंपावर सहसा सर्व वेग सांभाळणारा गव्हर्नर असतो. लिव्हर ज्या जागी ठेवाल तो वेग तो धरून ठेवायला बघतो. नांगर जड गेला की तो आपणहून रॅक पुढे ढकलतो. जनरेटरला हाच हवा. चार पोलच्या अल्टरनेटरला ५० हर्ट्झसाठी १,५०० आरपीएम लागतात, म्हणजे पंपाचे ७५०. रिकामं असताना ५२ हर्ट्झ आणि पूर्ण लोडला ५० मिळाले, तर जुगाड उत्तम जमलं म्हणायचं. ट्रॅक्टरचा गव्हर्नर ७५० पेक्षा बऱ्याच जास्त वेगासाठी बसवलेला असतो, त्यामुळे कमी वेगावर त्याची पकड थोडी सैल पडते. स्प्रिंग बदलून किंवा ताण बदलून ती सुधारते. ते काम पंप तपासायच्या बेंचवरच होतं, अंदाजानं स्क्रू फिरवून होत नाही.

शिवाय चारच्या इंजिनात क्रँकला दर अर्ध्या फेरीला धक्का मिळतो, दोनच्या इंजिनात सरासरी एका अख्ख्या फेरीला. दोन धक्क्यांच्या मधे वेग थोडा पडतो, गव्हर्नरची वजनं तेवढ्यानंही थरथरतात आणि रॅक नाचतो. इंजिनाचा आवाज आयडलला लाटांसारखा वर-खाली होऊ लागला तर पंप उघडण्याआधी फ्लायव्हील मूळचंच आहे ना, आणि कपलिंगमध्ये खेळ नाही ना, ते पाहा.

पंप घेण्याआधी नावाची पट्टी घासून वाचा. बॉशनं इन्लाइन पंपांचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन १९२७ मध्ये सुरू केलं, आणि भारतात १९५१ पासून बंगळुरूची मायको कंपनी होती. तिचं नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड झालं, पण आपल्याकडे अजून मायकोचाच पंप म्हणतात. पट्टीवर 'पीईएस ४ ए ८० डी' अशा धर्तीचं काही असेल, तर ४ म्हणजे सिलिंडर, ए म्हणजे पंपाचा आकार आणि ८० म्हणजे प्लंजरचा व्यास ८.० मिलिमीटर. पुढे कुठेतरी आर किंवा एल हे अक्षर असतं. ड्राइव्हच्या बाजूनं पाहिल्यावर पंप उजवीकडे फिरतो की डावीकडे, ते त्यावरून कळतं. उलट्या दिशेनं फिरवला तर डिझेल देण्याचा क्रमही उलटा होतो. गव्हर्नरच्या पट्टीवर 'आरएसव्ही' असेल तर तो सर्व वेगांचा. त्यापुढचे आकडे पंपाचे आरपीएम आहेत, इंजिनाचे नव्हेत. ते आकडे बघून "एवढ्या कमी वेगाचा पंप?" म्हणून चांगला पंप परत ठेवणारे लोक आहेत.

पट्टी जमली की झाकण काढून रॅकला बोट लावा. गव्हर्नर सुटा असताना रॅक नुसत्या बोटानं सरकला पाहिजे, कुठेही न अडखळता. भंगारात पावसाळा काढलेल्या पंपात एखादा प्लंजर गंजून चिकटलेला असतो आणि रॅक मधेच दगडासारखा थांबतो. तो ठोकून मोकळा केला आणि "चालतोय" म्हणून बसवला, तर पुढे इंजिन चालू असताना पूर्ण डिझेलच्या जागी अडकायचा धोका राहतो. त्याचं काय होतं ते खाली येईलच.

झीज ओळखायची युक्ती सोलापूरच्या उन्हाळ्यानंच शिकवली आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. डिझेल तापलं की पातळ होतं आणि झिजलेल्या प्लंजरच्या फटीतून निसटतं. सकाळी गार इंजिन पटकन सुरू होतं, दुपारी बंद करून लगेच सुरू करायला गेलं तर स्टार्टर फिरत राहतो, नोझलमधून डिझेलच येत नाही. असा पंप स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. आपल्या जुगाडात टाकीत परतणारं डिझेलही थोडं गरम होतं, त्यामुळे टाकी उन्हात आणि लहान असेल तर हा त्रास वाढतो.

बेंचवर गेल्यावर नुसतं "कॅलिब्रेशन करा" म्हणून पंप टाकून येऊ नका. वापरणार ती दोन तोंडं कुठली हे सांगा. दोघांचा कोन आणि डिझेल सारखं करून घ्या, आणि कमाल डिझेलचा स्टॉप आपल्या इंजिनाच्या आकड्यावर लावून घ्या. वरच्या हिशेबाप्रमाणे हजार स्ट्रोकना ४९ मिलिलिटर. मूळ ट्रॅक्टरचा सिलिंडर तुमच्यापेक्षा मोठा असेल तर त्याच्या स्टॉपवर तुमचं इंजिन काळा धूर ओकत राहील. चारांचं डिझेल दोनांत शिरण्याची भीती खोटी होती, ही मात्र खरी आहे.

पाइप दोन्ही सारख्या लांबीचे हवेत, एक सरळ आणि एक वळसा घेऊन गेला तरी चालेल. डिझेलमध्ये दाबाची लाट सेकंदाला साधारण १,४०० मीटर वेगानं धावते. ६०० मिलिमीटरचा पाइप पार करायला तिला ०.४ मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि १,५०० आरपीएमवर तेवढ्यात क्रँक जवळपास चार अंश फिरतो. म्हणजे एक पाइप दुसऱ्याच्या निम्माच असेल तर दोन सिलिंडरांच्या टायमिंगमध्ये दोन अंशांचा फरक पडला.

टायमिंग एक नंबरच्या तोंडावर काढायचं. डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून होल्डर परत बसवा, त्यावर हंसाच्या मानेसारखा वाकवलेला पाइप लावा, रॅक पूर्ण डिझेलला ठेवा आणि फीड पंपाचा हँड प्रायमर (हातानं डिझेल चढवायचा दट्ट्या) मारत राहा. पाइपातून धार येते. आता फ्लायव्हील इंजिनाच्या दिशेनंच हळूहळू फिरवा. धार बारीक होते, मग थेंब होतात, मग थेंबही थांबतो. तो थांबतो त्या क्षणी प्लंजरनं भोक झाकलेलं असतं, म्हणजे डिझेल ढकलायला सुरुवात. त्या वेळी फ्लायव्हीलवरची इंजेक्शनची खूण काट्यासमोर हवी आणि एक नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद हवेत. खूण पुढे निघून गेली तर परत मागे आणून थांबू नका; गिअरमधला खेळ धरून बसतो. बरंच मागे जाऊन पुन्हा पुढे या.

कॅमबॉक्सच्या ऑइलचं बघा. काही पंपांत ऑइल वेगळं भरायचं असतं, काहींत इंजिनाकडून नळीनं येतं आणि परत जातं. नळीवाला पंप नळी न जोडता चालवला तर कॅम कोरडा पडतो.

पहिल्यांदा सुरू करताना एअर फिल्टर काढून ठेवा आणि हवेच्या तोंडावर बसेल अशी जाड फळी एकाच्या हातात द्या. रॅक पूर्ण डिझेलला अडकला तर इंजिन सुटतं, आवाज चढत जातो आणि थांबत नाही. टाकीचा कॉक बंद करून लगेच उपयोग होत नाही, फिल्टरमध्ये आणि गॅलरीत पुरेसं डिझेल शिल्लक असतं. हवा तोडली की ते मरतं. हात किंवा फडका लावायचा नाही, आत ओढला जातो. आणि चालू इंजिनावर पाइपाचं नट सैल करून गळती बोटानं चाचपायची सवय असेल तर ती आजच सोडा: त्या दाबाची बारीक फवारणी कातडीतून आत शिरते, बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, आणि त्यावर तातडीनं शस्त्रक्रिया करावी लागते.

एक-दोन दिवस लोडवर चालल्यावर कॅमबॉक्सची डिपस्टिक काढून हुंगा. ऑइलची पातळी चढलेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर एखादा एलिमेंट खाली गळतोय. शोध नोझल लावलेल्या दोघांपुरता ठेवू नका, टाकीकडे परत पाठवणारे दोघेही तपासा.